माध्यम ठरलं, पण शिकवायला कोण बसणार?

जून जवळ आला की आमच्या बेळगावच्या ग्रुपवर ठरलेला वाद पेटतो: पोराला मराठी शाळेत घालायचं, कन्नड की इंग्लिश मीडियमला? माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली कर्नाटकच्याच खटल्यात सांगितलं. पाठोपाठ २०१५च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. १९५६ला बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासूनची ठणक त्यामागे आहे, त्यामुळे हा वाद मला फुकाचा वाटत नाही. पण पोराजवळ रोज बसणार कोण आणि कुठल्या आवाजात शिकवणार, हे त्यात कुणीच विचारत नाही.

मी इंग्लंडमध्ये मुलाला घरीच शिकवते. इथल्या १९९६च्या शिक्षण कायद्यानुसार मूल शिकवण्याची जबाबदारी पालकाची, मग ते शाळेत असो वा अन्य प्रकारे. सरकारी अभ्यासक्रमाचं वा शाळेच्या वेळांचं बंधन नाही. म्हणजे घाई करायला कारणच नाही. तरी तिसऱ्यांदा हातचा विसरला की आवाज चढतोच. दीर्घ श्वास घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बसावं. माझ्यापुरतं कामी येतं ते एवढंच: धडा आखूड ठेवायचा, तो विचार करत असताना तोंड मिटून बसायचं आणि रडू यायच्या आत वही बंद करायची. वजाबाकी उद्याही तिथंच असते.

आपल्या बेळगावात असं धीरानं शिकवणं सगळ्यांना येतं, फक्त शाळेबाहेर. खडेबाजारात मराठी पोर तोडकंमोडकं कन्नड बोलतं. दुकानदार चुका काढत नाही, सुटे पैसे देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. काही वर्षांत तेच पोर कन्नडमध्ये घासाघीस करतं.

इथं मला तो बाजार नाही, आजी नाही, गल्ली नाही. मुलाच्या कानावर पडणारं मराठी जवळजवळ सगळं माझंच, आणि मी रागावतेही मराठीतच. रागावले की तो इंग्रजीत उत्तर देतो. बेळगावात आई ओरडली तर शेजारची मावशी त्याच भाषेत लाडू देते. इथं ती सोय नाही, म्हणून धीर धरणं मला भाग आहे.

परवा वहिनीनं विचारलं, लेकीला शाळेतून काढून घरीच शिकवू का? बाहेरून दहावी मुक्त विद्यालयातून होते, हे तिला ठाऊक होतं. म्हटलं, "वहिनी, मे महिन्यात रोज तासभर तिच्यासोबत पाढे घेऊन बस. आवाज न चढवता. जूनमध्ये बोलू."