प्रतिक्रियेला उत्तर : चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख का?

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न रास्त आहे. मेहुण्याच्या नागपूरच्या इतवारीतल्या कापड दुकानाचा विमा १० लाखांचा, आगीत माल गेला ४ लाखांचा, हातात आले २ लाख. या कपातीला मी ‘तत्त्व’ म्हटलं, म्हणून तुम्ही मला कंपनीचा वकील ठरवलंत.

पण ते तत्त्व आहेच. नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरने आगीआधी दुकानात २० लाखांचा माल धरला. म्हणजे हप्ता निम्म्याच मालावर भरला होता. उरलेल्या निम्म्याची जोखीम दुकानदाराची, मग आग छोटी का असेना. ४ लाख गुणिले १०, भागिले २०. यालाच अ‍ॅव्हरेज म्हणतात. बरेचदा याचं मूळ बँकेत असतं : मालावरच्या कर्जाची मर्यादा (सीसी लिमिट) १० लाख, म्हणून विमाही तेवढाच. बँक आपलं कर्ज बघते, तुमचा माल मोजत नाही. हे दुकानदाराला आधी कोणी सांगत नाही, याची मलाही चीड येते.

मात्र ते २० लाख आले कुठून, ते नक्की तपासा. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची खरेदी किंमत, असा हिशेब असतो. पुस्तकातला सगळा माल त्या दुकानातच होता असं धरलं की घोळ होतो. समजा त्यातला ६ लाखांचा माल वाडीच्या गोदामात होता. मग दुकानातला माल १४ लाखांचा आणि दावा जवळपास २ लाख ८६ हजारांचा. गोदामाच्या पावत्या, माल वाहतुकीची ई-वे बिलं जोडा.

पॉलिसीचं नावही बघा. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ असेल, तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. २० लाखांच्या मालावर १७ लाखांचा विमा असता, तर अ‍ॅव्हरेज लागलाच नसता.

पैसे स्वीकारल्याच्या व्हाउचरवर सही झाली म्हणून दाद मागण्याचा हक्क जात नाही, हे विमा नियामक आयआरडीएआयने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. तरी रक्कम मान्य नसल्याचं पत्र लगेच द्या. महिनोन्‌महिने गप्प राहिलात, तर सही राजीखुशीने केली असंच धरतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या वर्षभरात विमा लोकपाल. एकट्याच्या मालकीचं दुकान तिथे चालतं, मर्यादा ५० लाख. नाहीतर नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत.