'लोकसभा फक्त राष्ट्रीय पक्षांना' वाल्या फॉरवर्डबद्दल

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. प्रादेशिक पक्षांनी विधानसभेपुरतं रहावं, लोकसभा फक्त राष्ट्रीय पक्षांनी लढवावी, म्हणजे सरकारं पडणार नाहीत, ब्लॅकमेल थांबेल, फुटीरपणाही संपेल. बरं, एकेक बघू.

आधी सरकारं पाडण्याचं, कारण सगळा डोलारा त्यावरच उभाय. १९७९ ला जनता पक्ष आपला आपणच फुटला, मग चरणसिंगांचा पाठिंबा काँग्रेसनं काढला, १९९० ला व्ही. पी. सिंगांचा भाजपनं काढला, पुढे चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल तिघंही गेले ते काँग्रेसमुळेच. २००८ ला अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डावे बाहेर पडले, त्यात माकप म्हणजे राष्ट्रीय पक्षच की, आणि मनमोहन सिंगांचं सरकार तेव्हा तरलं कुणाच्या मतांवर, तर समाजवादी पार्टीच्या! राहता राहिलं १९९९. अण्णाद्रमुकच्या जयललितांनी पाठिंबा काढला आणि वाजपेयी एका मतानं पडले, हे मान्य. पण त्याच वर्षी ते परत आले ते द्रमुक, तेलुगू देसम, शिवसेना असल्यांच्याच जोरावर, आणि २००४ पर्यंत टिकले.

दुसरं, राष्ट्रीय पक्ष म्हणजे काय हो? निवडणूक आयोगाचा एक दर्जा, मतं आणि जागा मोजून मिळतो आणि जातोही. एप्रिल २०२३ ला राष्ट्रवादी, तृणमूल आणि भाकपचा गेला, आम आदमी पार्टीला मिळाला. २०२४ ला एकही खासदार न आलेली बसपा राष्ट्रीय आणि ३७ खासदारांची सपा प्रादेशिक, मग सपाच्या मतदारांनी काय घरी बसायचं? घटनेत तर खासदार व्हायला पक्षाची अटच नाही, अपक्षसुद्धा उभा राहतो.

'त्यांच्यासाठी राज्यसभा आहे की' असंही त्यात लिहिलंय. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, राज्यसभेला फार तर १४ दिवस ठेवता येतं, तिची शिफारस घ्यायची की नाही ते लोकसभा ठरवते. म्हणजे पैशाचं बोलायची वेळ आली की राज्यांनी गप्प बसायचं.

ब्लॅकमेलचा मुद्दा अर्धा खराय. २०२४ च्या बजेटमध्ये सरकारला टेकू देणाऱ्या तेलुगू देसम आणि जदयूच्या आंध्र आणि बिहारला काय काय मिळालं ते सगळ्यांनी बघितलं, आणि इतर राज्यांचे लोक चिडले तर त्यात चूक नाही. पण आपल्या मतदारांसाठी भांडायचं नाही तर खासदार कशाला निवडून द्यायचा.

फुटीरपणाचं तर उलटंच झालंय. द्रमुकनं द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी १९६३ मध्ये सोडली, आज त्यांचे २२ खासदार लोकसभेत बसतात. मिझोरामची मिझो नॅशनल फ्रंट भारतातून फुटायला वीस वर्षं बंदूक घेऊन लढली, १९८६ ला करार झाला, त्यांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, आणि २०१९ ला मिझोरामची एकुलती एक लोकसभेची जागा त्याच पक्षानं जिंकली. आता त्यांना काय परत जंगलात पाठवायचंय?