गर्जेल ते ओढेल काय

बंद पडलेलं इंजिन परवडलं. वल्ही काढायची, काठ गाठायचा, विषय संपला. खरा छळ चालू इंजिनाचा. दोरीच्या दुसऱ्या झटक्याला ते सुरू होतं, न्यूट्रलमध्ये असं गरजतं की सारंगखेड्याच्या पुलावरचा माणूस वाकून बघतो, आणि गिअर टाकून मूठ पूर्ण पिळली की होडी वरातीच्या चालीनं निघते. काठावरून हाक येतेच, "काय व्हयनं भो?" काय सांगणार? इंजिन चालू आहे, पेट्रोल आहे, धूरही आहे. फक्त होडी पुढे जात नाही.

खान्देशात होडीची इंजिनं मोजकी आणि इंजिनातले जाणकार मोप. घरोघरी मोटारसायकल, मळ्यात पंप, दारात ट्रॅक्टर. त्यामुळे प्रत्येकाचं निदान आपापल्या वाहनावरून ठरलेलं असतं. बुलेटवाला म्हणतो, कार्बोरेटर खोला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, नोझल बघा. आपल्या पेट्रोल इंजिनाला तसलं नोझल नाही, हे त्याला पटत नाही. पंपवाला विडी विझवत म्हणतो, "हवा धरी लिधी दिखस." मी तिघांपैकी डोळे मिटून पंपवाल्याची बाजू घेतो. एकदा होडी ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यात आणि एकदा पेट्रोलच्या नळीत, दोन्हीकडे त्याचंच निदान लागू पडतं.

पाना हातात घेण्याआधी कान लावावा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किंचाळतंय की कण्हतंय? फेरे भरपूर आणि होडी मंद असेल तर इंजिन निर्दोष आहे. ताकद पंख्यापाशी वाया जाते. फेरेच चढत नसतील तर इंजिनाला इंधन, ठिणगी किंवा हवा कमी पडतेय, नाहीतर बोजा जास्त आहे. कानावर भरवसा नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेरे मोजणारा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो लावावा आणि आकडा इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. एवढं ठरलं की निम्मी दुरुस्ती झाली. काठावरच्या मंडळींना मात्र हा भाग आवडत नाही, कारण यात काहीच खोलायचं नसतं.

आधी किंचाळणाऱ्याचं बघू. इंजिन बंद, सेफ्टीची दोरी काढलेली, प्लगच्या टोप्या उपसलेल्या, मगच पंख्याला हात लावायचा. पंख्यावर काय सापडेल सांगता येत नाही: जलपर्णी, जाळ्याचा तुकडा, निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी, गळाची तंगूस. तंगूस सर्वांत वाईट. ती पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळली जाते, ऑइल सील कापते आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बघावेत; गिअर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर सील गेलं.

पंखा स्वच्छ आहे, पाती सरळ आहेत आणि तरी इंजिन नुसतं फिरतंय? मग पंख्याच्या आतलं रबरी बूश घसरलेलं असू शकतं. शाफ्टकडचा आतला भाग आणि पंख्याचा बाहेरचा भाग यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची, पूर्ण जोरात एक फेरी मारायची आणि परत येऊन बघायचं. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर बूश घसरतंय. बूश बदलेपर्यंत हळू चालवून घरी येता येतं. ही तपासणी खडूनं करू नये. पाण्यात खडू राहत नाही, आणि मग रेघ का दिसत नाही यावर काठावर नवीन परिसंवाद भरतो.

पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाशी साधारण समपातळीत हवी, फार तर एक इंच खाली. इंजिन याहून उंच बसलं की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. फार खाली बसलं तर ते पाण्याला अडसर होतं. आखूड दांड्याचं इंजिन 15 इंची फळीसाठी आणि लांब दांड्याचं 20 इंची फळीसाठी असतं. गावच्या सुतारानं फळी अंदाजानं ठोकलेली असेल तर टेप लावूनच खात्री करावी.

आता कण्हणारं इंजिन. पहिला संशयित म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. टेम्पोतून आणताना तो आवळलेला असतो आणि पाण्यावर गेल्यावर सैल करायची कोणाला आठवण राहत नाही. चार-पाच मिनिटं इंजिन झक्क चालतं, मग टाकीत पोकळी होते, नळीवरचा रबरी फुगा चपटा पडतो आणि जोर जातो. स्क्रू सैल केला की फुस्स आवाज येतो. खर्च शून्य. तीच टाकी मे महिन्यात भुसावळच्या उन्हात बंद ठेवली तर उलट ढोलासारखी फुगते आणि आतला दाब कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ढकलतो.

स्क्रू सैल असेल तर फुग्याकडे वळावं. एकानं पूर्ण थ्रॉटल धरावा, दुसऱ्यानं फुगा दाबत राहावं. जोर परत आला तर इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा कमजोर आहे किंवा नळी कुठेतरी हवा ओढतेय. अशा वेळी जोडणीतली ओ-रिंग बघावी. पाच-दहा रुपयांची असते. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. फुगा टणक असूनही जोर नसेल, तरच बुलेटवाल्याला बोलवावं. रिकामं चालताना छान आणि वर दम तोडणारं इंजिन बहुधा मुख्य जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबल्याचं सांगतं. जेट क्लीनरनं आणि हवेच्या झोतानं साफ करावा. त्यात तार घालणाऱ्याच्या हातून ती काढून घ्यावी; भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

पेट्रोलही तपासावं. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीतली नळीही नेमकी तळातूनच ओढते. पारदर्शक बाटलीत थोडं काढून अर्धा तास ठेवावं; दोन थर दिसले तर ती टाकी रिकामी करावी. टू-स्ट्रोक इंजिनात तर ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, म्हणजे तळचं द्रावण कोरडंच जातं आणि पिस्टन धरतो. ऑइलचं प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली. "जरा जास्त टाका, इंजिनाला बरं" म्हणणाऱ्यांमुळे प्लग काळे होतात.

जोडीच्या सिलिंडरमधला एक गेला तर इंजिन चालतं, पण अर्ध्या जिवानं. प्लग काढून शेजारी ठेवावेत: विटकरी-तपकिरी बरा, काळा-ओला न जळलेला, पांढरा फटक म्हणजे इंधन कमी पडलेला. याच वेळी झाकण उघडं आहे म्हणून मूठ पूर्ण पिळून बघावी, कार्बोरेटरमधली हवा अडवणारी फुलपाखरी पट्टी पूर्ण उघडते का. केबल ताणल्यानं ती अर्ध्यावर अडते.

उन्हाला दोष देणारेही भेटतात. 45 अंशांना हवा 25 अंशांपेक्षा जेमतेम 6 टक्के विरळ असते, म्हणजे ताकदही साधारण तेवढीच घटते. तोरणमाळच्या तलावावर सुमारे 1150 मीटर उंचीमुळे थोडी अधिक. बाकी जोर उन्हानं नेलेला नसतो. इंजिनाच्या बाजूनं पडणारी कूलिंगच्या पाण्याची धार बारीक झाली तर गोष्ट वेगळी: गाळानं जाळी तुंबली किंवा पाण्याच्या पंपातला इम्पेलर (रबरी चक्र) झिजला, तर अनेक नवी इंजिनं तापल्यावर स्वतःहून फेरे तोडतात.

आणि बोजा. चांगदेवच्या संगमावर महाशिवरात्रीला आठ जणांच्या होडीत बारा जण, त्यांच्या पिशव्या, पुढे केळीचे घड, तळाला घोटाभर पाणी; एवढं घेऊन 8 हॉर्सपॉवरच्या इंजिनानं उधळावं ही अपेक्षा. आधी पाणी उपसा. चार माणसं उतरवा, ती आनंदानं सल्ला द्यायला काठावर उभी राहतील. मग पुन्हा मूठ पिळा. तरीही कण्हत असेल तर सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावा. दोन सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर इंजिन थेट मिस्तरीकडे. गेजचे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्यावेत. नाहीतर तोही आधी कार्बोरेटरच खोलतो.