नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हो!

आज दुपारी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यात फ्लॅट विकत घ्यायला निघालेले एक नवरा-बायको बसले होते. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. ती बाई सर्टिफिकेट उलटं करून मागच्या रकान्यावर सारखं बोट ठेवत होती. विक्रेत्याच्या वडिलांचं नाव, त्याखाली विक्रेत्याचं नाव, तारीख, चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या आणि जांभळा गोल शिक्का. "नाव तर लागलंय ना त्यांचं? मग बँक कर्जाला नाही का म्हणते?"

बँकेचा वकील बरोबर होता. राग येतो तो बाकी सगळ्यांचा.

वडील वारले. मृत्युपत्र नाही. मुलगा नॉमिनी होता, म्हणून सोसायटीनं त्याचं नाव लावलं. त्यानं फ्लॅट विकायला काढला आणि या दोघांनी विसार देऊन राहत्या भाड्याच्या घराची नोटीसही देऊन टाकली. आणि वडिलांच्या मागे कोण? या मुलाशिवाय त्याची आई आहे, एक बहीण आहे आणि वडिलांच्या आधीच गेलेल्या दुसऱ्या बहिणीचा सात वर्षांचा मुलगा आहे. फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या कमाईचा. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे चार समान वाटे पडतात. त्या विक्रेत्याचा वाटा पाव फ्लॅट, आणि सौदा केला अख्ख्याचा!

नॉमिनी हा सांभाळणारा असतो. सोसायटीनं पत्र कुणाला पाठवायचं, मेंटेनन्स कुणाकडे मागायचा, एवढ्यासाठीच ते नाव. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तात्पुरता! मग समिती कायम सभासदासारखा शिक्का मारून मोकळी कशी होते? समितीवर बसलेली माणसं बिनपगारी काम करतात, हे मान्य. पण तो एक शब्द लिहायला पैसे पडत नाहीत.

त्या जिन्यात आणखी एक वाक्य ऐकलं: "नोंदणी होऊन जाऊ दे, मग बघू." अहो, दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. दस्तावर मुद्रांक शुल्क भरलंय का, सह्या करणारी माणसं तीच आहेत का, हे तो पाहतो. पाव हिश्श्याच्या मालकानं पूर्ण फ्लॅटचा दस्त नोंदवला, तरी हातात पाव हिस्साच येतो. नोंदणी फी भरल्यानं उरलेले तीन हिस्से उगवत नाहीत.

मयत सभासदाचा फ्लॅट घेताना पहिला प्रश्न 'नॉमिनी कोण' हा नाहीच. मृत्यूच्या दिवशी हयात कोण कोण होतं, हे विचारा आणि मृत्यूचा दाखला हातात घेऊन यादी करा. हिंदू पुरुष गेला तर बायको, सगळे मुलगे, सगळ्या मुली (लग्न झालेल्यासुद्धा) आणि त्याची आई. आई हमखास विसरली जाते. ती नंतर गेली असली तरी तिचा वाटा तिच्या वारसांकडे गेलेला असतो, म्हणजे काका-आत्यांच्या सह्या लागतात. आधी वारलेल्या मुला-मुलीची मुलंही यादीत येतात. इतर धर्मीयांचे नियम वेगळे आहेत, बाई वारली असेल तर क्रमही वेगळा.

यादी झाली की रस्ते दोन. एक तर सगळे वारस साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, 'लिहून देणार' म्हणून सही करतात. नाहीतर बाकीचे एकाच्या नावे हक्कसोडपत्र करतात, आणि ते नोंदणीकृतच हवं. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेली 'आमची हरकत नाही' ही चिठ्ठी हक्क सोडत नाही. ती फाइलमध्ये बघून लोक निर्धास्त होतात, तिथेच घात होतो. वारसांबद्दल शंका किंवा भांडण असेल तर दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचं वारस प्रमाणपत्र आणायला सांगा. सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं, ते बँकेतल्या ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी. घराला ते चालत नाही.

आता तो सात वर्षांचा पोरगा. त्याचा हिस्सा त्याचे वडीलसुद्धा स्वतःच्या सहीनं विकू किंवा सोडू शकत नाहीत. आधी न्यायालयाची परवानगी लागते. परवानगीशिवाय वडिलांनी सही केलीच, तर मुलगा अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे त्या बाईनं पुढची चौदा वर्षं त्या घरात धाकधुकीत राहायचं. परवानगीला वेळ लागतो, कटकट आहे, सगळं खरं. पण तो वेळ विसार घेण्याआधी विक्रेत्यानं घालवायचा होता.

नॉमिनेशन करूच नका, असं मी म्हणत नाही. ते नसलं तर सोसायटीला वर्तमानपत्रात नोटीस देऊन दावे मागवावे लागतात, आणि घरच्यांची फरफट होते. करा. पण सोबत दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्रही करा.

खरं सांगायचं तर या प्रकरणात लबाडी नसावीही. त्या मुलाला खरंच वाटत असेल की शिक्का बसला म्हणजे घर आपलं. बहिणीला पहिला फोन गेला तो बँकेनं नकार दिल्यावर, आणि ती म्हणे एवढंच म्हणाली, "आधी विचारलं असतं तर तेव्हाच सही केली असती."

त्या दोघांनी आता आणखी एक रुपयाही द्यायचा नाही. विसार पावती काढून बघायची. 'मालकी निर्वेध न आढळल्यास रक्कम परत' ही ओळ त्यात नसेल, तर विक्रेत्याकडून आत्ताच लेखी घ्यायची, न्यायालयाच्या परवानगीसाठी मुदत घालून. आणि आज संध्याकाळीच घरमालकाला फोन करून ती नोटीस मागे घ्यायची.