विंडोज काय, कोणीही इन्स्टॉल करून देतं!

लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करायला लागली की घाबरायचं नाही, आवाज येतोय म्हणजे चालू आहे ना, मग झालं. बॅकअप वगैरे भित्र्या लोकांची कामं. मुलीच्या बारशाचे फोटो आत्याने व्हॉट्सॲपवर टाकलेत की, डोळे-नाक नीट दिसत नसले म्हणून काय झालं! एक दिवस काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' (म्हणजे चालू व्हायला डिस्कच सापडत नाही) आलं की मगच हलायचं.

नव्या डिस्कच्या खरेदीला मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोडच, आणि तेही रविवारी. मेगाब्लॉकही मिळतो आणि ग्रँट रोडला उतरून घामाघूम होत चालत गेल्यावर बंद शटरंही बघायला मिळतात. मग शनिवारी हाफ डे टाकून परत जा. लॅपटॉपचं मॉडेल अजिबात बघून जाऊ नका, दुकानदाराने 'साटा पायजे की एनव्हीएमई' असा डिस्कचा प्रकार विचारला तर ठसक्यात सांगा, 'चांगलीवाली द्या'. एम.२ च्या, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या डिस्क दिसायला सारख्याच, खाचेचा तेवढा फरक, आणि कधीकधी चुकीचीही मस्त बसते, फक्त लॅपटॉपला दिसत नाही. १ टीबीची घेतलीत आणि विंडोजने ९३१ जीबी दाखवली तर उरलेल्या ६९ साठी भांडायला जा. कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने असलं काही तो समजवायला लागला तर समजायचं, मराठी माणसाला गंडवतोय.

आता विंडोज. समोरच्या विंगमधल्या इंजिनिअर मुलाला बोलवा, तो सिव्हिलचा आहे हे गौण. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये 'फुल ॲक्टिवेटेड' विंडोज असतं, फोटोशॉपसकट. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर विंडोज ८ पासून त्याची लायसन्स-की (ॲक्टिवेशनचा कोड) बहुतेक वेळा बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते, हार्ड डिस्क बदलली तरी ती कुठे जात नाही, तीच एडिशन (होम किंवा प्रो, जी होती ती) टाकून नेट जोडलं की आपोआप ॲक्टिवेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून देणारं मीडिया क्रिएशन टूल फुकट आहे आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. पण कायदेशीर आणि वर फुकट, यात काय थ्रिल? त्यापेक्षा लायसन्सला चकवणारा क्रॅक बरा, ज्याची पहिलीच सूचना असते 'अँटिव्हायरस बंद करा'. करा बंद, आणि मग त्याच लॅपटॉपवर निवांत नेटबँकिंग करा. लॅपटॉप जुना असेल तर विंडोज १० च टाका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणजे आता अपडेटची कटकटच नाही.

सेटअपमध्ये डिस्कच दिसली नाही तर लगेच 'पीस खराब निघाला' म्हणून मोकळे व्हा. इंटेलच्या अकराव्या जनरेशनच्या प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना तिथे स्टोरेजचा ड्रायव्हर (विंडोजला डिस्क ओळखायला लावणारी फाईल) द्यावा लागतो, पण एवढं कोण वाचतंय. दोन डिस्क दिसल्या तर आणखी मजा, साइज वगैरे न बघता सगळी पार्टिशन्स (डिस्कचे कप्पे) डेटासकट उडवा, स्वच्छता महत्त्वाची. पुढे विंडोज ११ म्हणेल आधी नेट जोडा, नेटला वायफायचा ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर नेटवर. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे मोबाईलचंच नेट लॅपटॉपला दिलं, तर हे बऱ्याचदा मिनिटात सुटतं, म्हणूनच ते करू नका, त्या मुलाला अजून दोनदा चहा-पोहे कसे मिळणार?

एवढं करून लॅपटॉप चालू झालाच तर सोसायटीच्या सेक्रेटरींची जुनी नोटीस मेलमधून उघडून बघा. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली, फाँट गेला डिस्कबरोबर, त्यामुळे 'टाकी साफ करणार, पाणी येणार नाही' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी. तशीच प्रिंट काढून लिफ्टजवळ लावा, नोटीस तशीही कोण वाचतं.

जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून जोडलीत आणि ती नशिबाने चाललीच, तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी-की मागू शकतो. ती असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर, आणि अकाउंटचा पासवर्ड असतो नोटपॅडच्या फाईलमध्ये, त्याच डिस्कवर! मग सरळ भंगारवाल्याला द्या. बिटलॉकर नसला तर आधार-पॅनचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं, सगळं आत तसंच राहू द्या, पुसत बसायला वेळ कोणाला आहे, भाव मात्र घासाघीस करूनच घ्या.