भाड्याने द्यायला घर घ्या आणि हिशोब अजिबात करू नका

भाड्याने द्यायला म्हणून घर घेताय ना? छान, मग आधी कॅल्क्युलेटर कुठेतरी ठेवून द्या, सापडणार नाही अशा जागी. हा सगळा धंदा "हप्ता भाडेकरूच भरतो हो, आपल्याला काय" या एका वाक्यावर उभा आहे आणि त्याला आकडे दाखवले की ते बिचारं लाजतं.

म्हणजे बघा, समजा 80 टक्के कर्ज काढलंत, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं, तर वर्षभराचे हप्ते मिळून घराच्या किमतीच्या साधारण 8.6 टक्के होतात. आणि भाडं समजा किमतीच्या 3 टक्के येतंय. झालं की मग, भरतोच आहे भाडेकरू, एक तृतीयांशाहून थोडा जास्तच भरतोय! उरलेले 5.6 टक्के तुमच्या पगारातून जातात पण त्याला खर्च म्हणायचं नाही, सक्तीची बचत म्हणायचं, ऐकायला किती बरं वाटतं. पहिल्या हप्त्यातला 83 टक्के भाग निव्वळ व्याज असतो आणि निम्मं मुद्दल फिटायला 20 पैकी 14 वर्षं जातात, म्हणजे बचत चालूच आहे, फक्त ती बँकेची आहे, पण एवढ्या तपशिलात कोण जातं.

व्याजदर फ्लोटिंगच घ्या, म्हणजे बाजाराबरोबर वरखाली होणारा. दर वाढला तरी बरेचदा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवून देतात त्यामुळे आपल्याला काही कळतच नाही, केवढी सोय! सुरुवातीलाच 9 चे 10 टक्के झाले आणि हप्ता तोच ठेवला तर 20 वर्षांचं कर्ज 26 वर्षांच्या वर जातं. सहा वर्षं जास्त. तुम्हाला एक मेसेज आलेला असतो तेव्हा, तो न वाचता डिलीट करायचा.

आणि हो, बँकेचं वागणं फार मनावर घेऊ नका. जिथे फक्त भाड्याच्या जोरावर कर्ज देतात तिथे खर्च जाऊन उरलेलं भाडं हप्त्याच्या सव्वापट तरी आहे का असं बघायची पद्धत आहे. तुमच्याकडे मात्र पगाराच्या स्लिपा मागितल्या, फॉर्म 16 मागितला, सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. आता हप्ता भाडेकरू भरणार होता तर तुमचा पगार कशाला बघत होते, असा प्रश्न एखाद्याला पडू शकतो. तुम्ही पडू देऊ नका, सही करा.

आता हप्ता सोडून बाकीचे खर्च. हे नसतातच असं धरायचं. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, दर दोनतीन वर्षांनी रंग, गिझर, गळणारा नळ, आणि नळ गळतोय हे भाडेकरूला रविवारी सकाळीच दिसतं हा काय नियम आहे माहीत नाही. काही जुनेजाणते घरमालक भाड्याचा निम्मा भाग असल्या खर्चातच जाणार असं धरून चालतात. निराशावादी लोक, त्यांच्या नादी लागू नका.

घर रिकामं राहील असं तर मनातसुद्धा आणायचं नाही. एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8 टक्के गेले, नवीन भाडेकरू आणायला ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं की अजून 8, म्हणजे बारातले दहाच महिने हातात, आणि मजा म्हणजे रिकाम्या घराला मेंटेनन्सही लागतो, टॅक्सही लागतो आणि हप्ता तर अगदी वेळेवर कट होतो. तरी एक्सेलमध्ये भाडं गुणिले 12 च लिहा, 10 लिहिलं तर घरचे विचारतील मग घेतलं कशाला. (खरंतर एक्सेल उघडूच नका.) हातातून भरलेले 20 टक्के, वर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, प्रोसेसिंग फी, हे पैसे दुसरीकडे कुठे ठेवले असते तर त्यांनीही काहीतरी कमावलं असतं, पण जे दिलं ते विसरावं असं संतवृत्तीचे लोक सांगतात.

खरंतर मनाने मोठे आहात तुम्ही. अख्ख्या घराचा भार स्वतः उचलून एका अनोळखी कुटुंबाला एक तृतीयांश किमतीत राहायला देताय, आणि तो भाडेकरू वाचलेले पैसे एसआयपीत टाकतोय. त्याने पाच टक्के भाडेवाढीला कुरकुर केली तर रागावू नका हं, त्यालाही भविष्य आहे.

आणि 20 वर्षांनी विकाल ना तेव्हा चारचौघांत एकच सांगायचं, डबल झालं. 20 वर्षांत डबल म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के वाढ हे कोणी तोंडावर हिशोब करून दाखवलं तर लगेच जागेची टंचाई, नवा रस्ता, असे विषय काढा. आणि कोणी अगदीच चिवट निघाला आणि त्यातून व्याज, रंग, ब्रोकर, टॅक्स, रिकामे महिने वजा केले का असं विचारायला लागला, तर तो जळतोय तुमच्यावर. पुढच्या वेळी त्याला बोलावूच नका.