पाणकणीस म्हणजे कचरा नव्हे

नाशिकच्या सिंहस्थाची कामं सुरू झाल्यापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नदी-नाल्यांच्या फोटोंचा पाऊस पडतोय. प्रत्येक फोटोखाली एकच मागणी: "हे जंगल जेसीबी लावून साफ करा." त्यात पाणवेलीही (म्हणजे जलपर्णी) आल्या आणि पाणकणीसही. माझा आक्षेप या सरसकटपणाला आहे.

पाणवेल दक्षिण अमेरिकेतून आलेली, तरंगणारी, पाण्याचा श्वास कोंडणारी. ती खुशाल काढा. पाणकणीस मात्र इथलंच. उथळ पाण्यात चिखल धरून उभं राहतं, माणसाच्या डोक्यावर जातं. पाझर तलाव, कालव्याची गळती, हायवेकडेचा खड्डा, त्याला काहीही चालतं. वाळलेलं कणीस चिमटीत जरा दाबा, आतला कापूस फुगून असा बाहेर पडतो की शर्ट झटकत बसावं लागतं. बिया त्या कापसावरच उडत जातात. (हीच कणसं फुलदाणीत असली की आपल्याला शोभेची वाटतात, ते सोडा.)

पातं आडवं कापून पाहा. आत पोकळ कप्पेच कप्पे. त्यांतून हवा थेट चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते, म्हणून जिथे बाकीच्या झाडांची मुळं कुजतात तिथे हे तगतं. मुळांभोवतीचे जिवाणू घाण कुजवतात, सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस झाड ओढून घेतं. नाशिकचं सांडपाणी गोदावरीतून निफाडकडेच जातं, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

पुढे गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. तिथल्या गाळानंच ही पाणथळ घडवली, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ. चापडगावच्या मनोऱ्यावर सगळ्यांच्या दुर्बिणी फ्लेमिंगो शोधत असतात. मला जांभळी पाणकोंबडी बघायला आवडते. पाणकणसाचा कोंब उपटते, पायाच्या लांब बोटांत धरते, चोचीनं सोलून आतला पांढरा गाभा खाते. घाई म्हणून नाही.

पण आमचे पक्षीमित्र "पात्यालाही हात लावू नका" म्हणतात, तेही मला पटत नाही. नांदूरमध्यमेश्वरला आपण कौतुकानं महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो ना? मग खऱ्या भरतपूरला, राजस्थानातल्या त्या पक्षी अभयारण्यात, काय झालं तेही बघा. १९८२ मध्ये तिथे म्हशींची चराई बंद केली आणि पाणगवत असं माजलं की बदकांना उघडं पाणी उरेना. गाळ वाढला की पाणकणीसही तेच करतं.

तेव्हा कापा, पण रीतीनं. हिवाळी पाहुणे गेल्यावर आणि पावसाळी वीण सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पट्ट्यापट्ट्यानं, अगदी बुडाशी. पावसाळ्यात खुंट पाण्याखाली गेले की खालच्या गड्ड्यांची हवा तुटते आणि ते कुजतात. जेसीबीनं गड्ड्यांचे तुकडे चिखलात विखुरतात, त्यांतून पुन्हा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बिल निघतं. टेंडरमध्ये "झाडझुडूप काढणे" असं मोघम लिहिण्याऐवजी पाणवेल आणि पाणकणीस यांची कलमं वेगळी करा, एवढंच मागणं आहे.